‘ठाणे’ शोधलं की पोलीस ठाणी सापडतात

प्रश्न : मी ठाण्यातल्या एका दैनिकात बातमीदार आहे. घोडबंदर रोड, क्लस्टर (जुन्या इमारतींचा एकत्रित पुनर्विकास) आणि खाडी हे विषय माझ्याकडे आहेत. बातम्यांवर लक्ष ठेवायला ऑफिसात नवा डॅशबोर्ड आलाय. ‘ठाणे’ टाकलं की ओळींचा ढीग पडतो. आठवड्याभरात मी तो उघडणंच सोडलं. तो बनवणारी मुलं भेटायला येणार आहेत. त्यांना काय सांगू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आधी तुमच्या शहराच्या नावापासूनच सुरुवात करा. नुसतं ‘ठाणे’ शोधलं तर ‘ठाण्यात’, ‘ठाण्याच्या’, ‘ठाणेकरांना’ हे सगळं सुटतं. ही रूपं जोडली, की लातूरच्या पोलीस ठाण्यात दाखल झालेला गुन्हाही तुमच्या पुढ्यात येतो. म्हणून प्रत्येक बातमीपाशी ‘हे माझ्या विषयातलं नाही’ असं एक बटण हवं, आणि ते दाबल्यावर काय वगळलं जाणार ते तिथेच दिसायला हवं. नाहीतर एखादी खरी बातमी गुपचूप गाळली जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. माझ्या मते जास्तीच्या शंभर ओळींपेक्षा हे वाईट.

‘खाडीकिनाऱ्यावर’ हा शब्दही त्यांना टाइप करून दाखवा. त्यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. डोळ्यांना अक्षर एकच दिसतं, पण शोधयंत्राला हे सांगून ठेवलं नसेल तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. ‘पाणीकपात’ आणि ‘पाणी कपात’ यांचंही तेच.

आता मुख्य गोष्ट. मी नौपाड्यात डेस्कवर होते, तेव्हा पाठपुराव्याची एक वही ठेवायचे. डाव्या पानावर विषय, उजव्या पानावर तारीख आणि ‘काय बदललं’. तीच बातमी चार पेपरांत आली तरी वहीत ओळ एकच. सकाळी वही उघडली की काल कुठे थांबलो होतो ते लगेच समजायचं. डॅशबोर्डने नेमकं हेच करायला हवं: तुम्ही मागच्या वेळी पाहिल्यानंतर काय नवं घडलं, ते सगळ्यात वर. एकाच घटनेच्या दहा बातम्या एका ओळीखाली, आणि पहिली कोणी, किती वाजता दिली ते शेजारी. अमेरिकेत 1996 च्या सुमारास ‘टॉपिक डिटेक्शन अँड ट्रॅकिंग’ हे संशोधन सुरू झालं. त्यातही विषय म्हणजे एखादा शब्द नव्हे, तर एक मूळ घटना आणि तिच्याशी थेट जोडलेल्या पुढच्या घटना, असंच धरलं होतं. क्लस्टरची निविदा, मग हरकती, मग कोर्टातली तारीख, हा धागा पडद्यावर धाग्यासारखाच दिसू दे.

रंग, आलेख वगैरे नंतर बघता येतील.

मुलांना मीटिंगमध्ये बसवू नका, तुमच्या खुर्चीशेजारी बसवा, सकाळपासून पान छपाईला सुटेपर्यंत. पाच जणांना वापरायला दिलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 2000 मध्ये मांडलं. तुमच्या ऑफिसात पाच जण मिळतील. त्यात एक डेस्कवरचा आणि एक नुकताच लागलेला जरूर घ्या. आणि एका दुपारी त्या मुलांना माजिवडा नाक्यावर घेऊन जा. उन्हात उभं राहून, एका हातात मोबाइल धरून डॅशबोर्डवरची ओळ वाचता येते का, ते त्यांनाच वाचून बघू दे.