बॅबेजच्या यंत्रांवर कथा लिहिताय? आधी एवढं पाहा

व्हिक्टोरियन लंडनमध्ये गणितज्ञ चार्ल्स बॅबेजची आकडेमोड करणारी यंत्रं खरोखर चालली असती तर? कल्पना दमदार आहे, लिहाच. सुरुवातीला फक्त प्रतिमा सांभाळा.

नवोदितांची नेहमीची चूक म्हणजे पानभर धूर, पितळ आणि चकचकीत चाकं. त्यात यंत्र दिसतं, बदललेला समाज दिसत नाही. त्याऐवजी छिद्रांची कार्डं पकडा. बॅबेजने आपल्या अ‍ॅनालिटिकल इंजिन या यंत्रासाठी ती जकार्डच्या मागावरून (कार्डांवरच्या छिद्रांनुसार नक्षी विणणारा माग) घेतली, म्हणजे रेशमावरची नक्षी आणि आकडेमोड एकाच पुठ्ठ्यावर आली! कार्डं पाडणाऱ्या मुलीची सोललेली बोटं, दमट हवेने फुगलेलं कार्ड, हाताने गणिती तक्ते करणाऱ्या कारकुनाची रिकामी खुर्ची... तुमचं जग इथे उभं राहील.

यंत्राचं वजन आणि आवाजही खरा हवा. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये बॅबेजच्या आराखड्यांवरून डिफरन्स इंजिन क्रमांक २ या, कार्डांशिवाय गणिती तक्ते काढणाऱ्या त्याच्या दुसऱ्या यंत्राचा गणन-भाग बांधला. तो दांडा फिरवून चालतो. त्याचे व्हिडिओ बघा. हातचे पुढे सरकताना आकड्यांच्या चाकांच्या खांबांवर उठणारी लाट फार सुंदर दिसते.

आणि हो, १८५० सालात पडदा नि कळफलक घुसवू नका. उत्तर कागदावर छापून येऊ द्या.

सनावळ्या, राजकारण नंतर. आधी एक खोली, एक कार्ड आणि एक माणूस लिहा.