मालिकेच्या करारात नाटकाचे रविवार लिहून घे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मालिकेची लूक टेस्ट पार पडली आणि त्याच आठवड्यात व्यावसायिक नाटकाच्या वाचनालाही बोलावणं आलं, असं तू कळवलंस. दोन्हींतलं काय घेऊ, असा तुझा प्रश्न आहे. दोन्ही घे. पण आधी मालिकेच्या करारात नाटकाच्या तारखा लिहून घे, मग सही कर. "अ‍ॅडजस्ट करू ना आपण" हे वाक्य सेटवर सगळे प्रेमाने म्हणतात. म्हणणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. पण चॅनलकडून ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, बदलल्याचा निरोप येतो तेव्हा ते त्याच्याही हातात राहत नाही.

दैनंदिन मालिकेचा भाग जाहिराती वगळून साधारण २०-२२ मिनिटांचा असतो आणि आठवड्याला सहा भाग लागतात. म्हणजे युनिटला रोज जवळपास एक भाग उरकावाच लागतो. हाताशी आठ-दहा भागांची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेला साठा, असेल तर सगळे निवांत असतात. टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात. ते घसरलेले असले की कथा वळवली जाते, लिहिलेले प्रसंग बाद होतात, बँक संपते आणि आज रात्री लागणारा भाग आज दुपारी शूट होऊ लागतो. त्यातच गणपती, दिवाळी, रविवारचा तासाभराचा महाएपिसोड येतो. तुझा नाटकाचा प्रयोग बुडतो तो अशाच आठवड्यात. म्हणून ही तजवीज भांडणाच्या वेळी करायची नसते, पहिल्या दिवशीच करायची असते.

नाट्यगृहांच्या तारखा बहुतेक ठिकाणी तीन-तीन महिन्यांच्या वाटल्या जातात. म्हणजे नाटकाच्या व्यवस्थापकाला शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी, बालगंधर्व इथले शनिवार-रविवार बरेच आधी ठाऊक असतात. ती यादी हाती आली की त्याच दिवशी मालिकेच्या कार्यकारी निर्मात्याला आणि शेड्युल लावणाऱ्या सहाय्यकाला लेखी पाठव. तोंडी सांगितलेलं मोजलं जात नाही. महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा पाठव आणि प्रयोगाच्या आठवड्यात सोमवारी आठवण कर. तारखेबरोबर वेळही लिही, कारण "रविवारी नाटक आहे" यातून कुणालाच काही कळत नाही. ठाण्याला साडेचारचा प्रयोग असेल तर तुला तीनला रंगपटात असायला हवं. मढला शूटिंग असेल तर तिथून एकला निघायला हवं. तेव्हा "सकाळी सातचा कॉल, साडेबाराला पॅकअप, माझे कॉम्बिनेशनचे प्रसंग आधी" असं स्पष्ट लिही. कॉल म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, पॅकअप म्हणजे काम आटोपणं. कॉम्बिनेशनचे, म्हणजे चार-पाच कलाकार एकत्र असलेले प्रसंग सकाळी उरकले, की तुझे एकटीचे क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळून घेतलेले शॉट, दुसऱ्या दिवशीही घेता येतात. उलटं झालं तर तुझ्या एका अनुपस्थितीत पाच जण खोळंबतात, आणि मग तुझ्याबद्दल कडवटपणा साचतो.

आता कराराकडे येऊ. मसुदा बहुधा इंग्रजीत असतो आणि "आजच सही लागेल" असं सांगून समोर ठेवला जातो. दोन दिवस माग, ते मिळतात. वकिलाला दाखव, आणि सिंटासारख्या कलाकार संघटनेचं सभासदत्व जमेल तितक्या लवकर घे; पैसे अडकतात तेव्हा एकटीने फोन करण्यापेक्षा संघटनेचं पत्र जास्त उपयोगी पडतं. वाचताना सगळ्यात आधी मक्तेदारीचं कलम शोध. "मुदतीत दुसरी मालिका करणार नाही" ही अट रास्त आहे. "इतर कोणतंही काम करणार नाही" ही नाही. तिथे नाटक, डबिंग आणि आकाशवाणी ही नावं घालून सूट लिहून घे आणि चित्रपटासाठी पूर्वसूचनेची अट ठेव. दुसरं, दर दिवसाच्या आकड्याला भुलू नकोस. महिन्याला किमान किती दिवसांचे पैसे मिळणार, याची हमी त्याच्याहून महत्त्वाची आहे. दर चांगला आहे आणि महिन्यात सहाच दिवस बोलावलं, तर बाकीचे चोवीस दिवस तू मक्तेदारीत अडकलेली आणि रिकामी. तिसरं, बारा तासांची शिफ्ट कॉल टाइमपासून मोजायची, पहिल्या शॉटपासून नाही. त्यापुढच्या तासांचं काय, तेही लिहिलेलं हवं. चौथं, तू सोडायचं म्हटलंस तर किती दिवसांची नोटीस आणि त्यांनी काढायचं ठरवलं तर किती, हे दोन्ही आकडे सारखे हवेत. बहुतेक मसुद्यांत ते सारखे नसतात. रात्री उशिरा पॅकअप झालं तर घरापर्यंत गाडी, हे वाक्य लहान आहे पण सोडू नकोस.

पैशाचं गणित सुरुवातीला सगळ्यांचं चुकतं, कारण मालिकेचे पैसे सहसा नव्वद दिवसांनी येतात. जूनमध्ये काम केलंस, महिनाअखेरीस बिल दिलंस, तर ते सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये खात्यात पडतील. म्हणजे रोज टीव्हीवर दिसत असूनही पहिले चार महिने हातात काही नसतं, आणि भाडं, रिक्षा, साड्या, पार्लर मात्र चालूच. किमान पाच-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच मालिका सुरू कर. याचीच दुसरी बाजू अशी, की मालिका बंद झाल्यावरही तीन महिने पैसे येत राहतात. त्या काळात चैन करायची नाही, तो पुढच्या रिकाम्या काळाचा आधार आहे. नाटकाच्या नाईटचं, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनाचं, तसं नाही. रक्कम लहान असते, पण पाकीट बहुधा प्रयोगालाच मिळतं. घरखर्च नाईटवर आणि बचत मालिकेवर, असं विभागलंस तर मन शांत राहील.

बिलातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. विवरणपत्र दरवर्षी भर. पहिल्या वर्षी त्यातले बरेच पैसे परत मिळू शकतात. वर्षाचा कर दहा हजारांच्या वर जाणार असेल तर आगाऊ कर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला भरायचा असतो. वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते. आरोग्य विमा स्वतःचा काढ, कारण इथे भविष्यनिर्वाह निधी नाही की आजारपणाची रजा नाही.

आता ज्याच्यावर हे सगळं उभं आहे त्या आवाजाकडे वळते. मालिकेत कॉलरला किंवा पदराआड लेपल माइक असतो आणि तू कुजबुजलीस तरी ऐकू येतं. सहा महिन्यांत श्वास छातीतच अडकायला शिकतो, वाक्याच्या शेवटी आवाज पडतो आणि ते तुझ्या लक्षातही येत नाही. नाट्यगृहात ते शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या लक्षात येतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. शेवट गिळलास तर "मी जाणार" होतं की "मी जाणार नाही", हेच त्याला कळत नाही. म्हणून मालिका चालू असतानाही रोज वीस मिनिटं आवाजाला दे. पोटापर्यंत श्वास घे आणि 'स्स' असा एकसारखा सोड. सुरुवातीला वीस सेकंद जमतील, चाळीसपर्यंत ने. मग ओठ मिटून गुंजन, मग ओंकार, आणि शेवटी मोठ्याने एक पान वाचन. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च, 'जीव'मधला ज आणि 'जहाज'मधला ज, न-ण, ल-ळ हे वेगवेगळे ऐकू यायला हवेत. घसा खाकरायची सवय मोड. त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी गीळ. दौऱ्यावर रात्री साडेअकराला तेलकट जेवून लगेच बसमध्ये आडवं झालं, की आम्ल घशाशी येतं आणि सकाळी आवाज घोगरा होतो. प्रयोगाच्या आधी, सहाच्या सुमाराला पोळी-भाजी खा. रात्री हलकं काहीतरी पुरतं. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर गोळ्या चघळत बसू नकोस, नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घे. स्वरतंतूवर गाठ आली असेल आणि ती वेळेत कळली, तर बऱ्याचदा विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामाने बरी होते.

कॅमेऱ्यासमोर अडचण नेमकी उलटी असते. एकांकिकांतून आलेल्या मुलींच्या भुवया आणि हात आधी बोलतात. क्लोजमध्ये चेहरा पडदाभर असतो. तिथे विचार बदलला की डोळे आपोआप बदलतात, तेवढं पुरतं. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दिसतो त्या शॉटमध्ये, कोणत्या शब्दावर पेला उचललास ते लक्षात ठेव, कारण क्लोजमध्येही त्याच शब्दावर उचलावा लागेल, नाहीतर संकलनात तुझा चांगला शॉट टाकून द्यावा लागतो. समोरच्याचा क्लोज चालू असताना कॅमेऱ्यामागून त्याला पूर्ण जीव ओतून वाक्यं दे. तू मोबाइल बघत वाक्यं दिलीस तर त्याचं काम पडतं, आणि तुझ्या क्लोजला तोही तेच करील.

प्रसंग सेटवर पोहोचल्यावर हातात पडतात आणि उलटसुलट क्रमाने शूट होतात. साडी, टिकली, मंगळसूत्र यांची सलगता सहाय्यक फोटो काढून सांभाळतात; मनाची सलगता तुझी तुलाच सांभाळायची आहे. एक छोटी वही ठेव. प्रसंग क्रमांक, कथेतला दिवस, याआधी काय घडलं, आता काय माहीत आहे आणि काय नाही, एवढ्या चार गोष्टी लिही. परवा शूट होणाऱ्या भांडणानंतरचं रडणं आज करायचं असेल, तर ही वहीच उपयोगी पडते. ग्लिसरीन रोज वापरू नकोस, डोळे चुरचुरत राहतात. काजळ, मस्कारा, लिपस्टिक आणि पफ स्वतःचे ठेव; डोळ्यांचा संसर्ग सेटवर एकाच पेन्सिलीतून चौघींना होतो. आणखी एक: स्वच्छतागृह लांब किंवा घाण आहे म्हणून पाणी कमी पिणं ही या क्षेत्रातल्या मुलींची जुनी सवय आहे आणि मूत्रमार्गाचे त्रास त्यातूनच येतात. स्वच्छतागृहाची मागणी सगळ्या जणींनी मिळून करावी. ती लाजेची गोष्ट नाही.

नाटकाच्या तालमी साधारण महिना-दीड महिना चालतात. मालिका करणारी नटी तालमीला उशिरा येते, थकलेली असते आणि हालचाली मोबाइलवर बघून बसवते, अशी तक्रार दिग्दर्शक करतात, आणि ती पुष्कळदा खरी असते. निदान शेवटचे दहा दिवस मालिकेतून संध्याकाळ मोकळी करून घे. त्याच दिवसांत नेपथ्य, प्रकाश आणि संगीत तुझ्या हालचालीला जोडले जातात. कपडे बदलायला चाळीस सेकंद मिळणार असतील तर साडी शिवून हुक लावलेली हवी, विंगेत दोन बायका हव्यात, आणि हा बदल घड्याळ लावून किमान दहा वेळा करून बघायला हवा. रंगीत तालमीच्या दिवशी पहिल्यांदा करशील तर चप्पल उलटी घातली जाईल. आपल्या वाक्यांइतकीच समोरच्याची वाक्यंही पाठ कर. शब्द हरवला की विंगेकडे बघू नकोस, समोरच्याच्या डोळ्यांत बघ. तो सावरून घेतो. पन्नासाव्या प्रयोगानंतर हशाच्या जागा पाठ होतात आणि नटी वाक्याऐवजी हशाची वाट बघू लागते. मग हशा येईनासा होतो. आणि दोन प्रयोगांत पंधरा दिवसांचा खंड पडला, तर सगळ्यांनी बसून एकदा संहिता वाचून घ्यावी, असा आग्रह तू धर.

दौऱ्याबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. रात्रीचा प्रयोग संपवून, सकाळचा कॉल गाठायला स्वतः गाडी चालवत निघायचं नाही. कधीच नाही. मुंबई दूरदर्शनवर आणि रंगभूमीवर दोन्हीकडे घराघरांत पोहोचलेल्या भक्ती बर्वे २००१ च्या फेब्रुवारीत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेल्या. पुण्यातल्या प्रयोगानंतर मुक्काम कर. सकाळचा कॉल अकराचा करून माग. नाहीच मिळाला तर झोप झालेला चालक हवा.

ऑडिशन किंवा भूमिकेसाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच संपवायचं. नोंदणी, पोर्टफोलिओ, कार्ड, नाव काहीही देवोत. ऑडिशनला बोलावणाऱ्याला निर्मितीसंस्थेचं नाव विचार आणि संस्थेत फोन करून खात्री कर. छळाचा प्रसंग आला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार सहसा तीन महिन्यांच्या आत करायची असते. निरोप, वेळा, तारखा जपून ठेव.

तिशीच्या आसपास तुला आईची भूमिका देऊ करतील, कदाचित तुझ्याहून पाच वर्षांनी लहान नटाची आई. पैसे बरे असतील. मालिकेत एकदा आई झालीस की परतीची वाट अरुंद होते, हे धरून निर्णय घे. रंगभूमी वयाच्या बाबतीत उदार आहे, तिथे चाळिशीतली नटी पंचविशीची होते आणि प्रेक्षक मान्य करतो. म्हणूनच मालिका जोरात चालू असतानाही वर्षातून एखादं प्रायोगिक काम हातात असू दे, एखाद्या छोट्या जागी, जिथे शंभरेक माणसं चार हातांवर बसलेली असतात. सुलभा देशपांडे यांनी १९७१ साली सहकाऱ्यांसोबत 'आविष्कार' उभी केली, आणि पुढे चित्रपट-मालिकांतही त्या अखेरपर्यंत काम करत राहिल्या.

मसुदा आला की मक्तेदारीचं आणि नोटिशीचं अशी दोन्ही कलमं मला पाठव. त्यासोबत नाटकाच्या पुढच्या तीन महिन्यांच्या तारखाही पाठव, म्हणजे परिशिष्टात कशा लिहायच्या ते कळवते.

तुझी,
मावशी