चायनीज पालेभाजी पहिल्यांदा परतताय? मग एवढंच बघा

पाणी सुटून लगदा होतो ना, सगळ्यांचा होतो सुरुवातीला, टेन्शन घेऊ नका. बहुतेक वेळा कारण एकच, पानं ओली असतात. धुतली की चाळणीत निथळू द्या, मग कापडाने टिपून अगदी कोरडी करा, कारण ओली पानं कढईत परतली जात नाहीत, शिजतात.

दुसरं म्हणजे कढई आधी कडकडीत तापवा, मग तेल, आणि एका वेळी दोन मुठीच भाजी टाका, घरच्या गॅसला त्याहून जास्त झेपत नाही. ढीग घातला की कढई गार पडते आणि परत तोच लगदा.

- पाकचोय (जाड देठांची चायनीज पालेभाजी) असेल तर देठ वेगळे करा, ते आधी एक मिनिट, पानं नंतर अर्धं मिनिट
- लसूण हलकाच ठेचून टाका, बारीक चिरला तर लगेच जळून कडू होतो (मी कितीदा जाळलाय!)
- मीठ शेवटी

सॉसच्या बाटल्या सध्या राहू द्या, नुसता लसूण-मीठ मस्त लागतं. पानं हिरवीगार दिसतायत आणि देठ अजून कुरकुरीत आहेत तेव्हाच गॅस बंद करून लगेच ताटलीत काढा, कढईत ठेवली तर शिजतच राहतात.