आधी वेळापत्रक बघ

अगं पोरी,

पुढे काय शिकायचं याची तू पाठवलेली यादी चष्मा पुसून दोनदा वाचली. समाजशास्त्र, भाषाशास्त्र, पाली, लोककला, नाट्यकला, अर्थशास्त्र आणि शेवटी तीन प्रश्नचिन्हं. बी.ए.चा निकाल हातात आल्यावर मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या फाटकाशी उभी राहून तू गोंधळणार नाहीस तर कोण? माझं म्हणणं एवढंच, की विषयांच्या यादीशेजारी ते शिकवणाऱ्या माणसांची यादी कर.

मुंबई विद्यापीठ १८५७चं. पण सुरुवातीची कित्येक वर्षं त्याचं मुख्य काम परीक्षा घेणं आणि पदव्या देणं. शिकवायची ती कॉलेजं. स्वतःचे शिकवणारे विभाग पुढे आले. समाजशास्त्राचा १९१९मध्ये, पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली. गेडिस मूळचे जीवशास्त्राचे, नगररचनेत रमलेले. त्यांच्यानंतर १९२४मध्ये विभाग हाती घेतला गो. स. घुर्ये यांनी, आणि ते संस्कृतचे एम.ए. त्यांच्याकडे इरावती कर्वे शिकल्या, एम. एन. श्रीनिवास शिकले, अ. र. देसाई शिकले. तिघांची तोंडं तीन दिशांना: एक मानववंशशास्त्रात गेल्या, दुसऱ्यांनी गावात मुक्काम ठोकून अभ्यास केला, तिसरे पक्के मार्क्सवादी. प्रवेशाच्या फॉर्मवर मात्र विषय एकच लिहिलेला असणार.

आता माझी फजिती. मी नोकरी सांभाळून एम.ए. केलं ते मुंबईबाहेर, कुठल्या विद्यापीठात ते राहू दे. माहितीपुस्तिकेत नऊ ऐच्छिक विषय छापले होते. त्यातल्या लोकसाहित्यासाठी मी प्रवेश घेतला. पहिल्या सोमवारी फळ्याशेजारी टाचणीने लावलेलं वेळापत्रक पाहिलं, तर त्यात ऐच्छिक तीनच. लोकसाहित्याचे सर दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले, जागा रिकामी. ऑफिसातला शिपाई म्हणाला, "बाई, पुस्तिका जुनीच छापतात." मी दोन वर्षं साहित्यशास्त्र केलं. वाईट झालं असं नाही, पण ते मी निवडलेलं नव्हतं.

म्हणून विभागात गेलीस की माहितीपुस्तिका मागू नकोस. गेल्या वर्षीचं वेळापत्रक माग. कुठला ऐच्छिक विषय खरंच शिकवला गेला, कोणी शिकवला, ते त्यात दिसतं. मग सीनियर मुलांना कँटीनमध्ये गाठ. चहा तू पाज.

सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक ही पदांची उतरंड कळायला हवी, पण तिच्यावरून शिकवणं जोखू नकोस. तासिका तत्त्वावर येणाऱ्यांकडेही लक्ष ठेव. तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाहीत. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं, मधे लोकल. मला अनुवाद शिकवला तो अशाच एका तरुण मुलाने. त्याला बसायला टेबल नव्हतं. माझी वही जिन्याच्या कठड्यावर ठेवून त्याने एका परिच्छेदातली 'च' आणि 'ही' ही दोन अव्ययं पाऊण तास सोलली. अजून मला 'ही' लिहिताना हात आखडतो. मात्र असा शिक्षक पुढच्या वर्षी असेलच असं नाही, हेही धरून चाल.

पीएच.डी.चं डोक्यात असेल (तुझ्या आहे, कबूल कर), तर शोधगंगा या संकेतस्थळावर जा. मार्गदर्शकाचं नाव घालून शोध. त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध वाचायला मिळतात. सगळे नको, दोघांची प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाच. दोन्ही प्रबंध एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटले, तर दुसरा मार्गदर्शक बघ.

आणि तू 'टाइमपास' म्हणून खोडलेली ओळ, पालीच्या प्रमाणपत्राची, ती परत लिही. अशा वर्गांत नोकरीवाले, निवृत्त, विशीतली मुलं एकाच बाकावर बसतात. एम.ए.च्या वर्गात न सुचलेले प्रश्न तिथे निघतात. तुझ्या आजीच्या बुद्धविहारातल्या वंदनेचा अर्थ तू मला दहावीत विचारला होतास, तेव्हा मला तो सांगता आला नव्हता.

बुधवारी मी मोकळी आहे. साडेदहाला सांताक्रूझ पूर्वेला, पुलाखाली. छत्री आण आणि चपला घालू नकोस. कलिन्यात एका इमारतीतून दुसरीत जायला बरंच चालावं लागतं. गुणपत्रिकेच्या झेरॉक्सही घे.

तुझ्या,
बाई