भुईमुगाचं रोप पिवळं, पण लोहाची कमतरता नाही

प्रश्न : वावरात भुईमूग उगवला, पण काही रोपं खुजी, फिकट आहेत. फेरस सल्फेट (लोह पुरवणारं खत) फवारूनही हिरवी झाली नाहीत. कारण काय? – एक वाचक, चोपडा

उत्तर : एक रोप मुळासकट उपटून पाहा. उपमुळं जवळजवळ नसतील, पानं लहान नि टोकदार असतील आणि बीजदलांवर पिवळसर हिरवी भुकटी दिसली, तर हा ‘अफ्लारूट’ रोग. बियाण्यावरची ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते. कोंबाच्या पेशींतल्या रंगहीन लवकांचं (सूक्ष्म कणांचं) हिरवं हरितलवक बनत असतानाच हे विष हरितद्रव्याची निर्मिती रोखतं. मग वरून लोह देऊन काय उपयोग? लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मुळं चांगली असतात. ही खूण विसरू नका.

अशी रोपं सावरत नाहीत, उपटून टाका. खरी काळजी बियाण्याची. शेंगा ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून साठवा, पेरणीच्या तोंडावरच फोडा. साल निघालेले, सुरकुतलेले, तडकलेले दाणे वेचून काढा, कारण बुरशी तिथूनच शिरते. किलोभर बियाण्याला ३ ग्रॅम थायरम (बुरशीनाशक) किंवा ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) चोळा. काढलेले दाणे गुरांना घालू नका. हे विष दुधात उतरतं.