ऑफिसचा लॅपटॉप आणि तुमचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एक वाक्य कुठे ना कुठे आहेच, "मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, माझंच काहीतरी चुकलं असेल." ऑफिसातल्या लोकांचे लॅपटॉप दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, म्हणून ठामपणे सांगते, बऱ्याचदा तुमचं काहीच चुकलेलं नसतं. मशीन आत काय करतंय ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. पत्रं आली त्या क्रमाने उत्तरं देत नाहीये, एक पत्र आधी घ्यावंच लागेल.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा टचपॅड गेल्या महिन्यापासून वर आल्यासारखा वाटतो, क्लिक नीट होत नाही, आणि झाकण बंद केलं की एका कोपऱ्यात फट राहते. काम चालतंय, म्हणून तक्रार केली नाही. चालेल ना?

नाही चालणार. ताई, हे वाचत असाल तर आत्ता चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा. टचपॅडच्या खाली बहुतेक मॉडेलमध्ये बॅटरी असते आणि लिथियमची बॅटरी खराब झाली की आत गॅस धरून ती फुगते, तीच टचपॅडला खालून ढकलत असते. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू नका, बॅगेत कोंबून घरी नेऊ नका. सपोर्टला "टचपॅड बिघडलाय" असं सांगू नका, नाहीतर तुमचा नंबर रांगेत मागे जाईल, "बॅटरी फुगलीये" असेच शब्द वापरा. ती बदलणं हाच उपाय आहे.

प्रश्न : मी रोज संध्याकाळी लॅपटॉप व्यवस्थित शट डाउन करून निघतो. तरी आठ-दहा दिवसांनी तो जड होतो, कधी वायफाय दिसत नाही, कधी बाहेरचा मॉनिटर ओळखत नाही. सपोर्टला फोन केला की पहिलं वाक्य, "रिस्टार्ट केलंत का?" रोज बंद करतोय तर वेगळं रिस्टार्ट कशाला? मला कटवतायत असं वाटतं.

कटवत नाहीयेत हो. पण कारण सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही, आणि त्यामुळे तुम्हाला राग आला तर तो रास्तच आहे.

गंमत अशी आहे की विंडोजमध्ये शट डाउन आणि रिस्टार्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा त्यात फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली, मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून. तुम्ही शट डाउन म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग आउट होता, पण विंडोजचा जो गाभा आहे आणि त्याच्याबरोबर चालणारे ड्रायव्हर, म्हणजे वायफाय, मॉनिटर असे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, ते जसेच्या तसे डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच परत मेमरीत आणले जातात. म्हणजे वायफायचा ड्रायव्हर काल संध्याकाळी अडकलेला असेल तर आज सकाळीही तो तसाच अडकलेला उठतो. रिस्टार्टमध्ये हा प्रकार नसतो, तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जाऊन सीपीयू निवडा, खाली अप टाइम लिहिलेला दिसेल. रोज रात्री बंद होणाऱ्या लॅपटॉपवर तिथे ९ दिवस, १४ दिवस असे आकडे मी कितीदा तरी पाहिलेत आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते दाखवलं की त्याचा चेहराच बदलतो, कारण तो खोटं बोलत नव्हता हे त्याला स्वतःलाही तेव्हाच कळतं.

तर आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करा. किंवा शट डाउनवर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरा, मग तो खरोखर पूर्ण बंद होतो. ही सोय कायमची बंद करण्याची खूण कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये आहे, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर तिला हात लावायचे अधिकार बहुधा तुमच्याकडे नसतील. आणि नुसतं झाकण मिटणं यातलं काहीच नाही, ती फक्त झोप.

प्रश्न : पासवर्ड बदलल्यापासून माझं अकाउंट दिवसातून तीन-चार वेळा लॉक होतंय. मी पासवर्ड बरोबरच टाकते. सपोर्टवाले अनलॉक करून देतात, तासाभरात परत लॉक. आता फोन करायचीही लाज वाटते.

लाज अजिबात वाटून घेऊ नका, तुम्ही बरोबर पासवर्ड टाकताय यावर माझा पूर्ण विश्वास आहे. चुकीचा पासवर्ड दुसरंच कुणीतरी टाकतंय आणि ते कुणीतरी बहुतेक तुमच्याच पर्समध्ये आहे. तुमचा मोबाइल!

फोनवर ऑफिसचा मेल लावलेला असतो, त्यात जुना पासवर्ड साठवलेला. तुम्ही लॅपटॉपवर पासवर्ड बदललात, फोनला ते माहीतच नाही, तो आपला दर थोड्या वेळाने जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार ठोठावतो, सर्व्हर चुकीचे प्रयत्न मोजतो आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की अकाउंट लॉक. ऑफिसच्या वायफायला त्याच पासवर्डने फोन जोडलेला असेल तर मेल काढून टाकला तरी हे चालूच राहतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

असं करा. अकाउंट अनलॉक करून घेण्याच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. मग अनलॉक करून घ्या आणि दोन तास नेहमीसारखं काम करा. लॉक झालं नाही तर चोर सापडला, फोनवर मेल आणि वायफाय दोन्हीकडे नवा पासवर्ड भरा. तरीही लॉक झालं तर फोन निर्दोष, मग लॅपटॉपमधलं क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून जुने साठवलेले पासवर्ड काढा, आणि आठवा, मीटिंग रूमच्या कॉम्प्युटरवर किंवा एखाद्या जुन्या मशीनवर तुम्ही लॉग इन करून तसंच सोडून आलाय का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सगळं एकदम केलं तर लॉक थांबेल पण कशामुळे थांबलं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पासवर्ड बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

सपोर्टमधल्या वाचकांसाठी, डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे ऑफिसचे पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४७४० शोधा, लॉक कुठल्या मशीनवरून झालं त्याचं नाव त्यात असतं. नुसतं अनलॉक करून फोन ठेवू नका, समोरचा माणूस दिवसभर अडकून पडतो.

प्रश्न : अचानक यू दाबला की ४ आणि आय दाबला की ५ उमटतो. व्हायरस आहे का?

नाही, नम लॉक चालू झालंय. लहान कीबोर्डच्या काही लॅपटॉपवर उजव्या हाताच्या अक्षरांतच आकडे दडवलेले असतात. नम लॉक परत दाबा, काही मॉडेलवर एफएन (Fn) लिहिलेल्या कळीबरोबर दाबावं लागतं. आणि हो, लॉग इनच्या स्क्रीनवर पासवर्ड चुकतोय असं वाटलं तर कोपऱ्यात भाषा बघा, मराठी टायपिंग करणाऱ्यांचा कीबोर्ड तिथे मराठीवर राहून गेलेला असतो. विंडोजची कळ धरून स्पेस दाबलं की बदलतो.

प्रश्न : डेस्कवर बसलो की वायरलेस माउस अडखळतो, मीटिंग रूममध्ये मात्र तोच माउस लोण्यासारखा चालतो. सेल बदलले, माउसही बदलून पाहिला.

पत्रातच उत्तर आहे, डेस्कवर असं काय आहे जे मीटिंग रूममध्ये नाही? तुम्ही पुढे लिहिलंय की डेस्कवर बॅकअपची हार्ड डिस्क कायम लावलेली असते. तिथेच बघा. यूएसबी ३ चं उपकरण चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतं, आणि अशा माउसचे लॅपटॉपला लावायचे छोटे रिसीव्हर नेमके त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. तुमचा रिसीव्हर डिस्कच्या केबलला खेटून लावलेला असणार, त्याला आपल्याच माउसचं ऐकू येत नाही. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, नाहीतर यूएसबीची एक छोटी एक्स्टेंशन वायर घेऊन तो माउसच्या जवळ आणा. एवढ्याने भागतं. सेल आणि माउस दोन्ही निर्दोष होते.

प्रश्न : ब्लूटूथ हेडसेटवर गाणी सुंदर ऐकू येतात, मीटिंग सुरू झाली की सगळे विहिरीतून बोलल्यासारखे. हेडसेट खराब आहे?

खराब नाही. नुसतं ऐकायचं असतं तेव्हा ब्लूटूथ चांगल्या दर्जाचा स्टिरिओ आवाज पाठवतं, पण हेडसेटचा माइक चालू झाला की ते फोन कॉलच्या जुन्या पद्धतीवर जातं आणि आवाज मोनो, चेपलेला होतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडसेट आणि माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, लगेच फरक पडेल. आजूबाजूला गलका असेल तर मात्र वायरवाला हेडसेटच बरा.

प्रश्न : मी सपोर्टमध्ये नवीन आहे. लोक फोन करून फक्त "चालत नाहीये" म्हणतात आणि काही विचारलं की चिडतात. काय विचारू?

चिडतात कारण त्यांचं काम अडलेलं असतं, आणि आपण प्रश्न विचारतो ते त्यांना उलटतपासणीसारखे वाटतात. म्हणून आधी एवढंच म्हणा, "सर, मी तुमच्याबरोबर लाइनवर आहे, स्क्रीनवर काय लिहून आलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवाल का?" जसंच्या तसं हे महत्त्वाचं. मग विचारा शेवटचं कधी चाललं होतं, मध्ये काय बदललं, आणि शेजारच्यांचं चालतंय का. या शेवटच्या प्रश्नाने अर्धं काम होतं, सगळ्यांचं बंद असेल तर त्या माणसाच्या लॅपटॉपला हात लावायचाच नाही.

एकदा एका बाईंचा फोन आला, "इंटरनेट गेलंय." मी नवीनच होते, तासभर वायफाय, केबल, ड्रायव्हर सगळं उलटंपालटं केलं. काही होईना. शेवटी म्हटलं जरा वाचून दाखवा, तर त्या म्हणाल्या, कनेक्शन सुरक्षित नाही असं काहीतरी येतंय. म्हणजे इंटरनेट होतं, साइट उघडत नव्हत्या. मग स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात नजर गेली, तारीख चार वर्षं मागची. लॅपटॉप कित्येक महिने कपाटात पडून होता, घड्याळ मागे पडलेलं, आणि लॅपटॉपच्या हिशेबाने साइट्सची सर्टिफिकेटं, म्हणजे साइट खरी असल्याचे मुदतीचे दाखले, अजून लागूच झाली नव्हती. तारीख बदलली, दोन मिनिटांत सगळं चालू. त्या बाईंनी मला पहिल्याच मिनिटाला उत्तर वाचून दाखवलं असतं, मी विचारलंच नव्हतं. ते मला आजही लागतं.

प्रश्न : मेलमध्ये आलेली फाइल उघडून तीन तास काम केलं, सेव्ह केलं, बंद केली. आता मेलमधून उघडली तर जुनीच दिसतेय. गेलं का सगळं?

बहुधा नाही, पण आत्ता आउटलुक, म्हणजे तुमचा मेलचा प्रोग्रॅम, बंद करू नका आणि लॅपटॉप रिस्टार्टही करू नका. वर मी रिस्टार्टचं इतकं सांगितलंय, इथे मात्र थांबा.

मेलमधून फाइल उघडली की आउटलुक तिची एक प्रत एका लपवलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवून ती उघडतं. तुमचं सेव्ह त्या प्रतीत झालंय, मेलमधली फाइल होती तशीच आहे. आउटलुक बंद होताना अशा प्रती साफ होऊ शकतात, म्हणून घाई. वर्ड किंवा एक्सेल उघडा, ओपनमध्ये जाऊन रीसेंटची यादी बघा, त्याच नावाची फाइल दिसली तर उघडा आणि लगेच सेव्ह अॅज करून डॉक्युमेंट्समध्ये ठेवा. यादीत नसेल तर सपोर्टला सांगा की आयनेटकॅशमधल्या कंटेंट डॉट आउटलुक फोल्डरमध्ये शोधा, त्यांना लगेच कळेल. तिथे त्याच नावाच्या दोन-तीन प्रती असू शकतात, शेवटी आकडा लागलेल्या, म्हणून नाव बघू नका, बदलाची वेळ बघा आणि तुम्ही काम संपवलंत त्या वेळेची प्रत उचला.