इतिहास घेऊन मुलगा करणार काय? बडोद्याच्या एका आईला उत्तर

पत्र : "माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, गुजरात बोर्ड. मार्क बरे असतात. रात्री उशिरापर्यंत चंगीझ खान, नेपोलियन, ऑटोमन सुलतान यांचे व्हिडिओ बघत बसतो आणि आता म्हणतो, बीएला इतिहास घेणार. त्याचे बाबा नंदेसरीला केमिकल कंपनीत आहेत. ते म्हणतात, इंजिनीअरिंग कर, इतिहास फावल्या वेळात वाच. आजोबा म्हणतात, इतिहास घे आणि यूपीएससी दे. मला काही सुचत नाही. त्याला पुण्याला पाठवावं का?" – एक आई, दांडिया बझार, बडोदा

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी आजोबांचं बघू, ते लवकर निकालात निघतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इतिहास हा वैकल्पिक विषय आहे, दोन पेपर, ५०० गुण. पण तो इंजिनीअरलाही घेता येतो, त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. शिवाय तिथला जगाचा इतिहास अठराव्या शतकातल्या युरोपापासून पुढे चालतो. नेपोलियन भेटेल. चंगीझ खान मात्र सिंधूपर्यंत येऊन माघारी फिरण्यापुरताच. परीक्षा द्यायची तर जरूर द्यावी, पण लाखो मुलं बसतात आणि हजाराच्या आसपास निवडली जातात, अशा परीक्षेसाठी पदवीचा विषय ठरवू नये.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. रियासतकार गो. स. सरदेसाई बडोद्यातच सयाजीरावांच्या नोकरीत होते आणि नोकरी सांभाळूनच त्यांनी 'रियासत' या आपल्या इतिहासग्रंथाचे खंड लिहायला घेतले. फक्त त्यांची नोकरीच मुळात महाराजांना पुस्तकं वाचून दाखवण्याची आणि राजपुत्रांना शिकवण्याची होती. नंदेसरीची शिफ्ट करून आल्यावर तेवढं डोकं ताजं राहील का, हे बाबांनीच प्रामाणिकपणे सांगावं.

आता मुलाचं. व्हिडिओ बघणं वाईट नाही, बहुतेकांची सुरुवात गोष्टींनीच होते. पण गोष्ट ऐकायला आवडणं वेगळं आणि ती कुणी, कशासाठी सांगितली हे खोदत बसणं वेगळं, आणि पगार या दुसऱ्या कामाचा मिळतो. त्याला एक प्रसंग द्या. १२५६ साली मंगोल सरदार हुलागूने इराणातला अलामूतचा किल्ला घेतला. तिथलं ग्रंथालय जाळण्याआधी त्याच्या पदरी असलेल्या जुवैनी नावाच्या माणसाने परवानगी काढून आत जाऊन काही ग्रंथ बाजूला काढले. बाकीचे जळले. दोन वर्षांनी बगदाद पडलं आणि पुढे तिथला कारभार याच जुवैनीकडे आला. मंगोलांबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्याच्या पुस्तकातून आलं आहे. उलट मोसुलचा इब्न अल-असीर आधीच्या मंगोल स्वारीबद्दल लिहितो, तेव्हा हे लिहायला आपला हातच धजत नव्हता असं म्हणतो. एक विजेत्याच्या पदरचा, दुसरा धास्तावलेल्या मुलखातला. मुलाला विचारा, कुणाचं किती धरायचं? तो दोघांची पुस्तकं कुठे मिळतील हे शोधू लागला, तर मी तुमच्या जागी निर्धास्त होईन. खांदे उडवून पुढचा व्हिडिओ लावला, तर बाबांचं ऐका.

आणि इथेच खरी मेख आहे. जुवैनीने फारसीत लिहिलं. मुघल दरबारचे कागद फारसीत. नेपोलियन हवा तर फ्रेंच हवी, ऑटोमन हवेत तर तुर्की. माझ्याकडे इतिहासाचे पदवीधर येतात, हुशार असतात, पण मूळ कागद वाचता येईल अशी एकही लिपी किंवा भाषा त्यांच्या हातात नसते, म्हणून ते अडतात. 'इतिहासात नोकऱ्या नाहीत' ही ओरड बरीचशी या गटाची असते.

तुमचा मुलगा मराठी घरातला आणि राहतो बडोद्यात, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. गुजरात सरकारच्या दफ्तर भांडाराची शाखा गावातच आहे आणि गायकवाडी संस्थानाचं दफ्तर तिथे आहे, त्यात मोडी, म्हणजे मराठीच्या जुन्या जोडलिपीतले, कागद भरपूर. मोडीत आधी शिरोरेघ ओढून घेतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं ओवत जातात. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. तारीख येते ती अशी : 'इहिदे सितैन मया व अलफ'. हे अरबी आकडे आहेत, एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन (मराठी कागदांतली जुनी कालगणना) ११६१. मृग लागला की हे वर्ष बदलतं, म्हणून इसवी सन काढायला महिना बघून ५९९ किंवा ६०० मिळवायचे. महिना पौष असेल तर ६०० मिळवा : १७६१, पानिपत. दमाजी गायकवाड त्या रणातून जिवंत परतले, नाहीतर बडोद्याचा इतिहास वेगळाच झाला असता. मराठी वाचणाऱ्या मुलाला मोडी काही महिन्यांत लागते. सराव मात्र वर्षानुवर्षं चालतो.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात इतिहासाबरोबर फारसीही शिकता येते. तिथला पुरातत्त्व विभाग जुना आणि नावाजलेला आहे, देवनी मोरी या गुजरातेतल्या बौद्ध स्थळाचं उत्खनन याच विभागाचं. संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. बारावी सायन्स वाया जाईल ही भीती नको. जुनी नाणी, भित्तिचित्रं, कागद टिकवण्याचं काम निम्मं रसायनशास्त्र आहे आणि त्याची राष्ट्रीय प्रयोगशाळा लखनौला आहे. केमिस्ट्रीत बाबांची मदत होईल, हेही नसे थोडके. दफ्तराच्या कामाचं प्रशिक्षण दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतं.

पैशाचं स्पष्ट सांगते. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. प्राध्यापक व्हायचं तर एमए, मग नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी, म्हणजे पंचविशी सहज उलटते. जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पण ती थोड्यांनाच मिळते. सरकारी संग्रहालयं आणि अभिलेखागारांत जागा कमी निघतात आणि भरतीही रेंगाळते. बीएड करून शाळेत शिकवणं हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग, आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही. ही वर्षं घराला झेपणार नसतील तर ते मुलाला आत्ताच सांगा, तिसऱ्या वर्षाला नको.

पुण्याला बीएसाठी मुळीच पाठवू नका. खोलीभाडं आणि मेस भरून तिथे पदवीला जे मिळेल ते घरून सायकलवर जाऊन इथे मिळतं. एमएच्या वेळी विचार करा. पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज आहे. मराठ्यांच्या इतिहासासाठी भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दफ्तर आहे. तिथे जाताना मोडी येत असली, तर पहिल्या दिवसापासून कामाला लागता येतं.